रस्ता स्वस्त आहे, मागे राहिलेलं घर महाग

नमस्कार,

आम्ही जर्मनीत लुडविग्सबुर्गला राहतो, नऊ वर्षं झाली. दोघंही नोकरी करतो. दोघांकडे कायमचा रहिवासी परवाना आहे, पासपोर्ट भारतीय. मुलगी साडेचार वर्षांची आहे. दोन वर्षांनी तिची शाळा सुरू झाली की इथल्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यामुळे कुठे हलता येणार नाही. म्हणून त्याआधी एक वर्ष बिनपगारी रजा घ्यायची आणि कॅम्पर व्हॅन घेऊन युरोप फिरायचा, असं मनात आहे.

साठवलेले 60,000 युरो आहेत. 38,000 ची जुनी पण चांगली व्हॅन बघून ठेवली आहे. राहिले 22,000. नवऱ्याने यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ बघून एक्सेलमध्ये हिशोब मांडला: दिवसाला 50 युरो, म्हणजे महिन्याला 1,500, वर्षाचे 18,000. वर 4,000 शिल्लक. त्याच्या मते सगळं बसतं. मला मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय. फ्लॅटचं भाडं महिना 1,150 आहे; तो ठेवायचा की सोडायचा? रात्री फुकटच्या जागी थांबलो तर किती वाचतील? साताऱ्याला सासरे हृदयविकाराचे पेशंट आहेत, त्यांची काळजी आहेच. सासूबाई विचारतात, "चांगलं घर असताना गाडीत का राहायचं?" त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

— पायाला भिंगरी लागलेली आई

*

सप्रेम नमस्कार.

सासूबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही, ते तुमचं तुम्ही बघा. एक्सेलबद्दल मात्र बोलू. काहीतरी राहून गेलंय हा तुमचा संशय खरा आहे, आणि राहिलेली गोष्ट तुमच्याच पत्रात दोन ओळी खाली लिहिलेली आहे. भाडं. 1,150 गुणिले बारा म्हणजे 13,800. त्यात रस्त्याचे 18,000 मिळवले की 31,800 होतात. हातात 22,000. शिवाय आरोग्य विम्याची ओळ त्या तक्त्यात दिसत नाही, ती पुढे घेऊ.

तुमच्या यजमानांनी दिवसाला 50 युरो धरले ते चुकीचे नाहीत. तिघांचं एवढ्यात भागतं, मी फार तर थोडे वाढवीन. पण व्हिडिओ करणारी जोडपी बहुतेक वेळा घर सोडून निघालेली असतात, किंवा त्या व्हिडिओंवरच कमावत असतात. त्यांचा आकडा रस्त्यावरच्या खर्चाचा असतो आणि रस्ता हा या सगळ्यातला स्वस्त भाग आहे. पैसे जातात ते जागेवर उभ्या असलेल्या गोष्टींवर: बंद फ्लॅट, विमा, किंमत उतरत चाललेली गाडी. तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

पण त्याच्याही आधी कॅलेंडर. पैशाचं गणित त्यावर लटकलेलं आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

तुमच्या परवान्यावर जर्मनीत हवं तितकं राहता येतं. बाकीच्या शेंगेन देशांत (म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) मात्र कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच. हा नियम फक्त टूरिस्ट व्हिसावर आलेल्यांना लागू आहे असं आपल्यातल्या कितीतरी जणांना वाटतं. तसं नाही. फ्रान्स 30, स्पेन 40, पोर्तुगाल 20 झाले की कोटा संपला. देश बदलला तरी मोजणी एकच चालते. पूर्वी लोक क्रोएशिया किंवा रोमेनियात जाऊन दिवस "मोकळे" करून घ्यायचे. तेही आता बंद. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 ला शेंगेनमध्ये आला, बल्गेरिया आणि रोमेनिया 1 जानेवारी 2025 पासून पूर्णपणे आत आहेत. जुने व्हिडिओ बघून आखणी करू नका ती एवढ्यासाठी.

"आतल्या सीमांवर कोण विचारतंय?" हे वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही, हे खरं. पण कॅम्पसाइटवर पासपोर्टची नोंद होते, अपघात झाला तर पोलिसांची नोंद होते, आणि उद्या नागरिकत्वाचा अर्ज करायचा झाला तर अशी नोंद कोणाला हवी असते? माझा सल्ला, नियम पाळून आखा. वर कायमच्या परवान्याची स्वतःची एक अट आहे: सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर तो रद्द होऊ शकतो. जास्त मुदत हवी असेल तर निघण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, लेखी घ्यावी लागते.

हे सगळं एकत्र ठेवलं की बारा महिन्यांचा बेत मला पटत नाही. नऊ करा. 1 मार्चला निघा, नोव्हेंबरच्या शेवटी घरी या.

मार्च ते मे इटली आणि ग्रीस. मार्चमध्ये सिसिलीत बदामाचा बहर संपत आलेला असतो, पण उन्हाळ्याची गर्दी आणि उन्हाळ्याचे दर अजून सुरू व्हायचे असतात. तिथून ब्रिंडिसी किंवा बारीहून बोटीने ग्रीसला. मे संपता संपता ग्रीसमधून थेट अल्बानियात उतरायचं. मग माँटेनेग्रो, बॉस्निया, सर्बिया. शेंगेन देशाचा रहिवासी परवाना असला की या चारही देशांत भारतीय पासपोर्टला ठरावीक दिवस वेगळा व्हिसा लागत नाही. किती दिवस, ते प्रत्येकाचं वेगळं आहे, म्हणून सीमा ओलांडण्याआधी त्या त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचं पान उघडून बघा. जुलैच्या अखेरीस जर्मनीत परत: डॉक्टर, साठलेली पत्रं, गाडीची कामं, आणि ऑगस्टभर बाल्टिकचा किनारा नाहीतर ऑल्गॉयचे डोंगर. जर्मनीतले दिवस मोजले जात नाहीत. सप्टेंबर ते नोव्हेंबर फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल.

मार्चमध्ये वापरलेले दिवस सप्टेंबरमध्ये एकेक करून मोकळे होत जातात, म्हणून हे बसतं. पण 90 च्या ऐवजी 84-85 धरून चाला. जाताना ऑस्ट्रिया, येताना हंगेरी आणि पुन्हा ऑस्ट्रिया, हे वाटेतले दिवसही त्याच कोट्यातून जातात. बोट एक दिवस उशिरा सुटली तर काय, हाही विचार हवा.

या बेतात तुर्कस्तान मी मुद्दाम घातलेला नाही. शेंगेनचा परवाना असला की भारतीयांना तिथला ई-व्हिसा मिळतो, आणि देश तर अफाट सुंदर आहे. पण तिथे गाडी आणणाऱ्याच्या नावावर गाडीची नोंद होते आणि ती मागे ठेवून, कस्टम्सची सोय केल्याशिवाय, देशाबाहेर पडता येत नाही. साताऱ्याहून मध्यरात्री फोन आला तर तुमच्या यजमानांनी कस्टम्सच्या ऑफिसात रांग लावायची का? यंदा नको.

डिसेंबर ते फेब्रुवारी वगळण्याचं आणखी एक कारण आहे. थंडी कडक असली की हीटर 11 किलोचा सिलेंडर चार-पाच दिवसांत संपवतो. दिवस पाचला मावळतो, कपडे वाळत नाहीत, आणि सहा मीटरच्या डब्यात पाच वर्षांचं मूल, हे चित्र व्हिडिओत येत नाही. दक्षिण स्पेनला पळता आलं असतं, पण तोवर तुमचे नव्वद दिवस संपलेले असतील.

आता फ्लॅट. सोडू नका. श्टुटगार्टच्या आसपास परत फ्लॅट शोधणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. नवं भाडं आजच्या 1,150 पेक्षा कितीतरी जास्त असेल, डिपॉझिट वेगळं, आणि ते तुम्ही नुकत्याच संपलेल्या रजेनंतर भरायचं. त्यापेक्षा सामानासकट पोटभाडेकरू ठेवा. घरमालकाची लेखी परवानगी हवीच. कायद्यानं भाडेकरूला जो हक्क आहे तो घराचा काही भाग पोटभाड्याने देण्याचा. अख्खा फ्लॅट द्यायचा तर मालक नाही म्हणू शकतो. म्हणून हे पत्र आधी, बाकी सगळं नंतर. सांगताना मुदत ठरलेली आहे, परत येण्याची तारीख ठरलेली आहे, आणि भाडं तुमच्याच खात्यातून जात राहील, एवढं स्पष्ट लिहा. बहुतेक मालकांची धास्ती भाडं बुडण्याचीच असते.

पोटभाडेकरूकडून 1,000 मिळतील असं धरते. दीडशेची तूट गुणिले नऊ, वर रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी महिना 18.36 (टीव्ही असो वा नसो). एकूण 1,500. त्यातून नफा काढायला जाऊ नका. नीटनेटका माणूस मिळाला तर 900 ला द्या. पत्ता नोंदलेला राहणं तुम्हाला गाडीचं रजिस्ट्रेशन, विमा आणि किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) या सगळ्यासाठी लागणार आहे.

विम्याची ओळ. बिनपगारी रजा एक महिन्यापुढे गेली की नोकरीवरचा सक्तीचा आरोग्य विमा थांबतो. तुमच्यापैकी एकाने त्याच कंपनीत ऐच्छिक सभासद व्हायचं, दुसऱ्याला आणि मुलीला कुटुंब म्हणून फुकटात धरायचं. उत्पन्न शून्य असलं तरी किमान हप्ता असतोच, नर्सिंग विम्यासकट महिना सुमारे अडीचशे. नऊ महिन्यांचे 2,250. आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची निळी बाजू युरोपियन युनियनमध्ये चालते, अल्बानियात चालत नाही, आणि रुग्णाला घरी आणण्याचा खर्च कुठेच देत नाही. म्हणून प्रवासाचा आरोग्य विमा वेगळा. इथे एक मेख आहे: वर्षाला पंधरा-वीस युरोत मिळणाऱ्या पॉलिसींत एका प्रवासाची मर्यादा बहुधा सहा ते आठ आठवडे असते. नवव्या आठवड्यात पाय मोडला तर कागदाचा उपयोग नाही. लांब मुदतीची पॉलिसी घ्या. तिघांचे मिळून 700 बाजूला ठेवा.

एचआरशी बोलताना सरळ बिनपगारी रजा मागण्याआधी एक विचारून बघा. बऱ्याच जर्मन कंपन्यांत साबाटिकलची अशी पद्धत असते की काही काळ पूर्ण काम करून कमी पगार घ्यायचा, आणि मग रजेत तोच कमी पगार चालू राहतो. पगार चालू म्हणजे आरोग्य विमा आणि पेन्शन चालू. दोघांपैकी एकाला जरी हे मिळालं तरी वरच्या 2,250 चा प्रश्न मिटतो. निघायला एक वर्ष उशीर झाला तरी चालेल, इतकी ही सोय चांगली आहे. पण तुमच्या मुलीची शाळा थांबणार नाही, म्हणून विचारायचं तर आत्ताच.

गाडी. 38,000 ची नको, 32,000 च्या वर जाऊ नका. या एका गोष्टीवर तुमचा सगळा बेत उभा राहतो किंवा पडतो. आत्ता तुम्ही गाडीत अडकवलेल्या पैशामुळे रस्त्यावर हात आखडणार आहात आणि ते उलटं आहे. सात-आठ वर्षं जुनी, लाखभर किलोमीटर चाललेली, फियाट डुकाटोच्या सांगाड्यावरची कास्टनवागन (बंद डब्याची मालवाहू व्हॅन आतून घरासारखी केलेली) तुम्हाला पुरते. खरेदी हिवाळ्याच्या तोंडावर करा, तेव्हा विकणारे नरम असतात. परत आल्यावर वसंतात विका. 27,000 पर्यंत येतील, पण ते पैसे आज तक्त्यात धरू नका.

बघताना तीन गोष्टी. मुलीच्या खुर्चीसाठी मागच्या बाकाला तीन टोकांचा पट्टा आणि जमल्यास आयसोफिक्स (खुर्ची थेट गाडीला अडकवायची सोय) आहे ना. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल आहे ना. आणि गॅसची तपासणी झाली आहे ना. जून 2025 पासून ती जर्मनीत दर दोन वर्षांनी सक्तीची आहे, ट्यूफ या गाडीच्या नेहमीच्या सक्तीच्या तपासणीपेक्षा वेगळी. मग वजन. कारच्या लायसन्सवर साडेतीन टन ही मर्यादा. रिकामी गाडीच तीनच्या आसपास असते. त्यात तीन माणसं, शंभर लिटर पाणी, गॅस, सायकली आणि आईने दिलेलं लोणचं धरलं की काटा कधी पुढे गेला कळत नाही. सामान भरून झालं की एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये याबाबतीत दयामाया नसते.

विमा, टॅक्स, गॅसची तपासणी, रस्त्यावर मदत देणाऱ्या क्लबचं युरोपभर चालणारं सभासदत्व: 1,200 धरा. अल्बानियासाठी ग्रीन कार्ड (गाडीचा विमा परदेशात चालतो याचा दाखला) कागदावर घ्या आणि त्यातल्या ज्या देशाच्या अक्षरांवर काट मारलेली असेल तिथे तुमचा विमा नाही, हे निघण्याआधीच बघून घ्या. खुर्च्या, लेव्हलचे ठोकळे, पाइप, अॅडॅप्टर, असल्या फुटकळ गोष्टींचे 800.

आता रस्त्यावर येऊ.

महिन्याचा खर्च कमी-जास्त होतो तो मुख्यतः वेगाने. मी दिलेला सगळा बेत, हिंडण्या-फिरण्यासकट, सोळा हजार किलोमीटरच्या आसपास जातो. शंभराला दहा लिटर, डिझेल सरासरी 1.65 युरो, म्हणजे 2,640. महिन्याला तीनशेच्या आत. व्हिडिओवाले महिन्याला तीन हजार किलोमीटर पळतात कारण त्यांना रोज नवीन दृश्य लागतं. तुम्हाला लागत नाही. एका गावात पाच दिवस थांबलात की डिझेल नाही, टोल नाही, बाजारातली भाजीवाली ओळखायला लागते आणि मुलीला खेळायला कोणीतरी मिळतं. ताशी 95 च्या वर जाऊ नका. या चौकोनी गाड्यांना 120 वर नेलं की टाकी तुमच्या डोळ्यांदेखत उतरते.

टोलचं थोडक्यात. जर्मनीत तुमच्या गाडीला टोल नाही. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा स्टिकर बारा-तेरा युरोंचा, ब्रेनरचा घाट वेगळा. स्वित्झर्लंडचा फक्त वर्षाचाच मिळतो, 40 फ्रँक, म्हणून एकदा जाण्यासाठी तिकडून जाऊ नका. फ्रान्समध्ये दोन मीटरपेक्षा उंच गाडी वरच्या वर्गात पडते आणि टोल चांगलाच टोचतो. तिथले साधे राष्ट्रीय रस्ते सुरेख आहेत, त्यांनीच जा. स्पेनमध्ये भूमध्य किनाऱ्याचा एपी-7 आता बराचसा मोफत आहे. पोर्तुगालमध्ये अल्गार्वेचा ए22 जानेवारी 2025 पासून टोलमुक्त झाला. इटली-ग्रीस बोटीवर एप्रिलपासून काही कंपन्या गाडीतच झोपू देतात; केबिनचे पैसे वाचतात. हे सगळं मिळून महिन्याला शंभर धरा.

फुकटच्या रात्री. तुमचा हा प्रश्न वाचून मला जरा धाकधूक वाटली. दोघंच असता तर वेगळं बोलले असते. पोर्तुगालने 2021 च्या कायद्यानं संरक्षित निसर्गक्षेत्रात आणि किनारपट्टीच्या राखीव भागात गाडीत रात्र काढायला बंदी केली. इतरत्र एका नगरपालिकेच्या हद्दीत 48 तास. क्रोएशियात सरळ दंड. स्कँडिनेव्हियातला "कुठेही राहा" हा हक्क पायी हिंडणाऱ्यांच्या तंबूला आहे, गाडीला नाही, तरी लोक तो गाडीवर लावतात. दक्षिण फ्रान्स आणि स्पेनच्या मोटरवेवरच्या थांब्यांवर तर झोपूच नका, तिथे चोऱ्या होतात.

पण मधला मार्ग छान आहे. जर्मनीतले श्टेलप्लात्स, फ्रान्समधले कॅम्परचे एर, इटलीतले सोस्ता: पाणी भरायची, टॉयलेटची कॅसेट रिकामी करायची सोय, आठ ते पंधरा युरो, कधीकधी नगरपालिकेने फुकट ठेवलेले. फ्रान्स पासिओंचं वर्षाचं सभासदत्व घ्या. त्यात द्राक्षबागा आणि शेतकरी आपल्या अंगणात एक रात्र फुकट उभं राहू देतात. विकत काही घ्यायची सक्ती नाही, पण समोर चीज कापून ठेवलं की तुम्ही घेणारच, तेवढे धरा. आणि कॅम्पसाइट. एसीएसआयचं सवलतीचं कार्ड असलं की सीझन नसताना दर साधारण वीस-पंचवीसच्या घरात असतात, आणि बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांपर्यंतची मुलं त्यातच येतात. मुलीचं ते वय नेमकं या प्रवासात आहे.

महिन्यातल्या दहा रात्री कॅम्पसाइटवर 25 ने, दहा एरवर 12 ने, दहा फुकट. 370 होतात. वीस रात्री फुकट करून तुम्ही दीडशे-दोनशे वाचवाल आणि रोज संध्याकाळी चार वाजल्यापासून "आज कुठे झोपायचं" यावरून भांडाल. गरम पाण्याचा शॉवर, वॉशिंग मशीन आणि घसरगुंडी एकाच जागी मिळणं याची किंमत मूल असलेल्या घराला कळते.

जेवणाला साडेपाचशे. तुमचा हिशोब इथे व्हिडिओवाल्यांपेक्षा चांगला बसेल, कारण आपल्याला वरणभातावर आठवडा काढता येतो. तीन लिटरचा कुकर घ्या. गॅस निम्म्याने वाचतो, आणि आत वाफ कमी धरते. तूरडाळ आणि पोहे श्टुटगार्टहून न्या, पण दहा-दहा किलो नको, वजनाचं वर सांगितलंय. मसूर डाळ युरोपात सगळीकडे मिळते. स्पेनच्या दुकानांत काचेच्या बरण्यांत शिजवलेले काबुली चणे अगदी स्वस्तात मिळतात, छोले पंधरा मिनिटांत होतात. बाहेर खायचं तर दुपारी. पोर्तुगालमध्ये प्रातु दु दिआ म्हणजे त्या दिवसाची थाळी दहा-बारा युरोत पोटभर असते. तेच हॉटेल रात्री दुप्पट घेतं.

गॅसचं एक लक्षात ठेवा. जर्मनीची राखाडी बाटली जर्मनीबाहेर बदलून मिळत नाही. निळ्या कॅम्पिंगगॅझच्या बाटल्या सगळीकडे मिळतात, पण महाग पडतात. नऊ महिन्यांसाठी पंपावर एलपीजी भरता येईल अशी बाटली बसवून घ्या आणि वेगवेगळ्या देशांची चार प्रकारची अॅडॅप्टरं बरोबर ठेवा. एकदा खर्च होतो, नंतर महिन्याला तीस युरोत भागतं.

मोबाइलचं युरोपियन युनियनमध्ये रोमिंग चालेल, सर्बिया-अल्बानियात चालणार नाही. तिथलं सिमकार्ड घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी बिल येईल. इटलीत जुन्या गावांच्या वेशीवर झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागाची) पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी पोटभाडेकरूच्या हातात पडतं.

डिझेल, टोल, रात्री, जेवण, गॅस, कपडे धुणं, फोन, आणि तिकिटं-कॉफी-आइस्क्रीमचे दीडशे: महिन्याला 1,600. नऊ महिन्यांचे 14,400.

राहिला साताऱ्याचा विषय. तीन हजार युरो वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका. दुसऱ्या दिवशीचं विमानाचं तिकीट दुप्पट-तिप्पट दराने घ्यावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पैशापेक्षा महत्त्वाचं, कोण जाणार हे आत्ताच ठरवा. यजमान एकटे गेले तर गाडी तुम्हाला चालवता यायला हवी, मुलीला मागे बसवून, मागे घेताना आरशात बघून. नसेल येत तर या हिवाळ्यात शिका. पहिल्या महिन्यात तर निम्मं ड्रायव्हिंग तुम्हीच करा. दर टप्प्यावर जवळचा मोठा विमानतळ आणि गाडी महिनाभर सांभाळेल अशी एखादी कॅम्पसाइट, एवढं वहीत लिहून ठेवा: कातानिया, अथेन्स, तिराना, बेलग्रेड, लिस्बन. सासऱ्यांचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. निघण्याआधी, जानेवारीत, एकदा सातारा करून या. तो खर्च मी या हिशोबात धरलेला नाही, पगार चालू असताना करा.

दुरुस्तीसाठी 2,500. जुन्या गाडीत क्लच किंवा टायर, काहीतरी निघतंच. आणि परतल्यावर पहिला पगार हातात येईपर्यंतचे 3,000. डिसेंबरमध्ये घरी येऊन खात्यात शून्य असणं ही प्रवासाची आठवण नको.

मांडून बघू. रस्ता 14,400, दोन्ही आरोग्य विमे 2,950, गाडीचे कागद 1,200, फ्लॅटची तूट 1,500, फुटकळ सामान 800. हे 20,850. राखीव 8,500. एकूण 29,350. तुमच्याकडे गाडी घेऊन 28,000 उरतात, आणि किंडरगेल्ड महिना 259 प्रमाणे नऊ महिन्यांचे 2,331. बसतं, हजारभर युरो वर राहतात. 38,000 ची गाडी घेतलीत आणि बारा महिने गेलात तर बसत नाही, कितीही मसूर खाल्ली तरी.

पोटभाडेकरू मिळाला नाही, किंवा मालक नाही म्हणाला, तर नऊ महिन्यांचं पूर्ण भाडं तुमच्या अंगावर येतं आणि नऊ हजारांची भर पडते. तशा वेळी सहा महिन्यांचा बेत करा: मार्च ते ऑगस्ट, पोर्तुगाल पुढे कधीतरी. ग्रीस आणि बाल्कन एकत्र बघायला मिळणं हेही काही कमी नाही, आणि सहा महिन्यांची रजा एचआरकडून मिळणंही सोपं जातं.

क्रम असा ठेवा. आधी घरमालकाला पत्र, मग दोघांच्या एचआरशी बोलणं, मग आउसलेंडरबेहोर्डेला ईमेल करून तुमच्या बेताची लेखी नोंद. या तिघांची उत्तरं येईपर्यंत कोणत्याही गाडीला बयाणा देऊ नका, विकणारा कितीही घाई करो. ऑक्टोबरमध्ये, दर उतरलेले असताना, तशीच गाडी आठवडाभर भाड्याने घ्या आणि पाऊस असेल तेव्हाच जा. आणि जानेवारीत श्टुटगार्टला सीएमटी हे प्रवासाचं आणि कॅम्पर गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिथल्या नव्याकोऱ्या गाड्यांच्या किमती बघून डोळे फिरतील, घ्यायचं काही नाही. पण मुलीला घेऊन जा, सहा मीटरच्या कास्टनवागनमध्ये तिघं शिरा, दार लावून घ्या आणि तिला कंटाळा यायला किती वेळ लागतो ते बघा.